परीक्षानळीत रोगी नसतो

कुठल्याही फार्मसी कॉलेजच्या ग्रंथालयात जाऊन एम.फार्म.च्या प्रबंधांचे कपाट उघडावे. एक नमुना हमखास हाती लागतो. अमुक झाडाच्या पानांचा अर्क काढला, तमुक जीवाणू अगारच्या थाळीवर वाढवले, थाळीत खड्डा पाडून त्यात अर्क भरला, रात्रभर इनक्युबेटरमध्ये ठेवले आणि सकाळी खड्ड्याभोवती उमटलेले स्वच्छ वर्तुळ पट्टीने मोजले. वर्तुळ मोठे, तर अर्क गुणकारी. या कामात खोटे काही नसते, पण अपुरे बरेच असते. थाळीवर रक्त नाही, पांढऱ्या पेशी नाहीत, ताप नाही, उपासमार नाही. जंतू आहे, औषध आहे. ज्याला रोग व्हायचा तोच तेवढा तिथे हजर नाही.

बी.फार्म., एम.फार्म. करून, मधली काही वर्षे औषध दुकानात किंवा कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये काढून, मग जीवाणू-संसर्ग आणि शरीराची प्रतिकारशक्ती या विषयात पीएच.डी.ला बसणारी मुले-मुली आपल्याकडे असतात. रायपूरमधून ही वाट धरायची, तर पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठात फार्मसीची संस्था आहे, टाटीबंधला एम्स आहे, शंभर-सव्वाशे किलोमीटरवर बिलासपूरला गुरू घासीदास विद्यापीठ आहे. या वाटेवरचा मूळ प्रश्न जुना आहे: जंतू मेला म्हणजे रोगी बरा झाला का? आणि जंतू तोच असताना एकाला काहीच होत नाही, दुसरा चार दिवस तापाने पडतो आणि तिसरा दगावतो, हे कसे? गेल्या सव्वाशे वर्षांत या प्रश्नाला मिळालेली उत्तरे एकत्र पाहिली, तर एक गोष्ट दिसते. औषधशास्त्राने आपली मोजमापे नेमकी करता करता शरीराला चौकटीबाहेर काढले, आणि आता त्याला परत आत आणण्याची खटपट चालू आहे. छत्तीसगडात तर हे शरीर विसरून चालतच नाही. कुष्ठरोग, क्षय आणि सिकलसेल या तिन्हींनी तिथे तळ ठोकलेला आहे, आणि तिन्हींत निकाल लावण्यात शरीराचा वाटा जंतूइतकाच मोठा असतो.

प्रतिजैविके येण्यापूर्वी वैद्यकाला शरीराचाच आधार होता. बेरिंग आणि कितासातो यांनी 1890 मध्ये धनुर्वाताचे विष उतरवणारे प्रतिविष दाखवले, तेही जनावराच्या रक्तातून. मुंबईत हाफकिन यांनी 10 जानेवारी 1897 रोजी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली, तेव्हा प्लेगच्या जंतूला मारील असे एकही औषध जगात नव्हते. शरीराला आगाऊ सावध करणे एवढाच उपाय होता. त्याआधी मेचनिकॉफ यांनी 1882 मध्ये मेसिना येथे ताराम‍ाशाच्या अळीत गुलाबाचा काटा खुपसून, काट्याभोवती गोळा होणाऱ्या भटक्या पेशी पाहिल्या होत्या आणि या पेशी जंतू गिळतात असे मांडले होते. रक्तद्रवातली द्रव्ये महत्त्वाची की या पेशी, यावर दोन तट पडले आणि भांडण बराच काळ चालले. नोबेल समितीने 1908 मध्ये मेचनिकॉफ आणि रक्तद्रवाच्या बाजूचे एर्लिख या दोघांना मिळून पारितोषिक दिले. तो निवाडा आजच्या ज्ञानाला धरूनच होता.

म्युनिकच्या पेटेनकोफर यांची गोष्ट याच काळातली. पटकीचा जंतू एकटा रोग घडवत नाही, हे दाखवण्यासाठी त्यांनी 1892 मध्ये पटकीच्या जंतूंनी भरलेला द्रव पिऊन टाकला. थोडे जुलाब झाले, बाकी काही नाही. जंतूला गौण ठरवणारा त्यांचा सिद्धान्त चुकीचाच होता. जंतूच रोगाचे कारण, हे कॉख यांचे म्हणणे बरोबर होते. पण पेटेनकोफर मेले नाहीत, ही वस्तुस्थिती उरतेच. आपल्याकडे बाबा आमटे यांनी कलकत्त्याला कुष्ठरोगाचे शिक्षण घेताना प्रयोगासाठी स्वतःच्या शरीरात कुष्ठजंतू टोचून घेतले होते. त्यांनाही रोग झाला नाही. नुसते बी पडून पीक येत नाही, वाफसा लागतो, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. जंतुशास्त्राला मात्र ते पुनःपुन्हा शिकावे लागले.

मग 1935 साल आले आणि पारडे फिरले. जर्मनीत डोमाक यांनी प्रॉन्टोसिल नावाच्या लाल रंगद्रव्याने स्ट्रेप्टोकॉकसची लागण झालेले उंदीर वाचवल्याचे प्रसिद्ध केले. गंमत अशी की परीक्षानळीत हे प्रॉन्टोसिल जीवाणूंचे काहीही वाकडे करत नव्हते. थाळीवरच्या वर्तुळाने निवड झाली असती, तर जीवाणूंच्या संसर्गावरचे हे पहिले मोठे औषध कचऱ्यात गेले असते. कोडे सोडवले पॅरिसच्या पाश्चर संस्थेतल्या अर्नेस्ट फूर्नो यांच्या प्रयोगशाळेने. फूर्नो मूळचे फार्मासिस्ट. त्यांच्याकडे काम करणारे त्रेफुएल पतिपत्नी, निती आणि बोव्हे यांनी त्याच वर्षी दाखवले, की शरीरात गेल्यावर प्रॉन्टोसिल तुटते आणि त्यातून निघणारे सल्फानिलमाइड हे खरे औषध. ते तर 1908 पासून रसायनशास्त्राला माहीत होते, कोणीही बनवावे असे होते. फार्मासिस्टच्या नजरेचा यात भाग आहे असे मला वाटते. औषध म्हणजे बाटलीतला पदार्थ नव्हे, शरीर त्याचे जे करते ते औषध, ही त्या विद्येची पहिली शिकवण आहे.

पायराझिनामाइडची कथाही याच जातीची. क्षयावरचा उपचार सहा महिन्यांवर आला, त्यात रिफाम्पिसिनच्या जोडीने या गोळीचा मोठा हात आहे. साध्या, उदासीन माध्यमात ती क्षयाच्या जंतूवर जवळजवळ निष्प्रभ असते; माध्यम आम्लधर्मी असेल तरच काम करते. तिची निवड 1950च्या सुमारास उंदरांत झाली म्हणून ती आपल्याला मिळाली.

पेनिसिलीननंतर मात्र एवढी प्रभावी औषधे एकामागून एक हाती आली, की शरीराची आठवण ठेवण्याची गरज कोणाला भासली नाही. जंतूची वाढ थांबवणारी औषधाची किमान मात्रा, ज्याला प्रयोगशाळेत सगळे एमआयसी म्हणतात, हा एक आकडा सर्वांचा मापदंड झाला. तो काढतात काचेतल्या रश्श्यात, जिथे माणसाचा थेंबभर रक्तद्रवही नसतो. पुढची पायरी प्राण्यांची. तिथला सर्वांत रुळलेला प्रयोग उंदराच्या मांडीचा. आधी सायक्लोफॉस्फामाइड देऊन उंदराच्या न्यूट्रोफिल पेशी संपवतात, मग मांडीच्या स्नायूत जीवाणू टोचतात आणि औषधाचा हिशेब मांडतात. पेशी मुद्दाम संपवायच्या, कारण त्या असल्या तर जंतू औषधाने मेला की शरीराने, हे कळत नाही. प्रयोग म्हणून हे अगदी चोख आहे, आणि मात्रा ठरवण्याचे पुष्कळसे शास्त्र त्याच्यावरच उभे आहे. पण पाहा, ज्या जनावराची प्रतिकारशक्ती हेतुतः काढून घेतली, त्याच्या साक्षीवरून आपण धडधाकट शेतमजूर, बाळंतीण आणि कुपोषित पोर या सर्वांच्या मात्रेपर्यंत पोचतो.

याची उलट बाजू 2015 मध्ये सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील व्हिक्टर निझेट यांच्या गटाने दाखवली. अनेक औषधांना न जुमानणाऱ्या काही ग्रॅम-निगेटिव्ह जीवाणूंवर ॲझिथ्रोमायसिन चालत नाही, असे नेहमीच्या चाचणीचे सांगणे. त्यांनी तीच चाचणी शरीरातल्या पेशी वाढवण्याच्या माध्यमात केली, आणि माणसाच्या पेशी स्वतःच बनवतात ते एलएल-37 हे जंतुनाशक पेप्टाइड सोबत दिले. तेच औषध तेच जंतू मारू लागले. एवढ्यावरून कोणी अशा रोग्याला ॲझिथ्रोमायसिनवर सोडू नये. पण अहवालावर ‘रेझिस्टंट’ असा शिक्का उमटतो तेव्हा तो कशातल्या जंतूवर उमटतो, हे विचारण्याचा हक्क त्या प्रयोगाने दिला.

शरीराला जंतू आल्याचे कळते कसे, याचे उत्तर फार उशिरा मिळाले. जीवाणूंच्या अंगावरच्या ठरावीक खुणा ओळखणारे ग्राहक आपल्या पेशींवर असले पाहिजेत, असा तर्क चार्ल्स जेनवे यांनी 1989 मध्ये केला. हॉफमन यांच्या गटाने 1996 मध्ये फळमाशीत टोल नावाच्या जनुकाचे हे काम दाखवले, ब्रूस बॉइटलर यांच्या गटाने 1998 मध्ये उंदरांत टीएलआर-4 शोधले. दोघांनाही 2011 च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. बॉइटलर यांचा उंदीर मला या साऱ्या विषयाचा नायक वाटतो. या जातीच्या उंदरांना जीवाणूंच्या आवरणातले विष कितीही टोचा, ते मरत नाहीत, कारण ते ओळखणारा ग्राहकच बिघडलेला असतो. वाटते, भाग्यवान उंदीर. पण त्याच उंदराला जिवंत साल्मोनेला दिले, तर थोड्याशा जंतूंनीही तो दगावतो. जी यंत्रणा विषाला बळी पडायला लावते, तीच जंतूपासून वाचवते.

हे उंदरांत कळले, पण माणसांत फार महागात पडले. सेप्सिसमध्ये रोगी जंतूपेक्षा स्वतःच्या शरीराच्या भडक्याने जातो, असे दिसल्यावर तो भडका विझवणारी औषधे एकामागून एक तपासली गेली, आणि एकामागून एक पडली. एक औषध, सक्रिय प्रोटीन-सी, 2001 मध्ये अमेरिकेत मान्य झाले, जगभर प्रचंड किमतीला विकले गेले आणि नव्या चाचणीत फायदा न दिसल्याने ऑक्टोबर 2011 मध्ये कंपनीनेच परत घेतले. जगात 2017 या एका वर्षात सेप्सिसचे सुमारे 4 कोटी 89 लाख रुग्ण आणि 1 कोटी 10 लाख मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. त्यांना सरसकट एक विझवणी द्यायची ही कल्पनाच भोळी होती. कोणाच्या शरीरात भडका असतो, कोणाच्या शरीरात आधीच राख झालेली असते.

आता रायपूरकडे यावे. शहराच्या लालपूर भागात केंद्र सरकारची प्रादेशिक कुष्ठरोग प्रशिक्षण आणि संशोधन संस्था आहे. ती तिथे असण्याचे कारण उघड आहे. देशपातळीवर दर दहा हजारांत एकापेक्षा कमी रुग्ण हे उद्दिष्ट डिसेंबर 2005 मध्ये गाठले गेले, पण छत्तीसगड त्यानंतरही वर्षानुवर्षे त्या रेषेच्या वरच राहिले. मराठी माणसाचा या प्रदेशाशी संबंध भोसल्यांच्या काळापासूनचा. रायपूरच्या तात्यापाऱ्यात आणि चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात तो अजून दिसतो. कुष्ठरोगाच्या बाबतीत तो चांप्यात जास्त ठळक आहे. स्वतः कुष्ठरोगी असलेले सदाशिव गोविंद कात्रे यांनी 1962 मध्ये तिथे भारतीय कुष्ठ निवारक संघ सुरू केला. अमरावती जिल्ह्यातल्या पथ्रोटचे दामोदर गणेश बापट यांनी पुढे आपली सारी हयात त्या आश्रमात घालवली. त्यांना 2018 मध्ये पद्मश्री मिळाली, 2019 च्या ऑगस्टमध्ये ते गेले.

सेवेच्या या इतिहासाइतकाच कुष्ठरोग विज्ञानालाही महत्त्वाचा आहे, आणि प्रतिकारशक्ती समजून घ्यायची तर याच्यासारखा शिक्षक नाही. हान्सेन यांनी जंतू पाहिला 1873 मध्ये, पण तो आजतागायत कोणाला थाळीवर वाढवता आलेला नाही. त्याला एकदा दुप्पट व्हायला जवळजवळ दोन आठवडे लागतात, तेही जिवंत शरीरात. शेपर्ड यांनी 1960 मध्ये तो उंदराच्या तळपायात वाढवला, 1971 मध्ये आर्माडिलो या प्राण्यात तो वाढला. म्हणजे वर्तुळ मोजण्याची सोयच या रोगाने कोणाला दिली नाही. प्रत्येक औषधाची परीक्षा शरीरातच झाली.

आणि शरीरागणिक रोगाचे रूप बदलते. ज्यांच्या संपर्कात हा जंतू येतो त्यांतल्या बहुसंख्यांना काहीच होत नाही. ज्यांना होते, त्यांत एका टोकाला असा रोगी, ज्याच्या टी-पेशी इतक्या तडफेने लढतात की अंगावर एखाददुसरा बधिर चट्टा आणि त्यात जंतू शोधूनही सापडत नाही. दुसऱ्या टोकाला असा रोगी, ज्याच्या पेशी जंतूला जणू ओळखतच नाहीत, आणि कातडीच्या कणाकणात जंतूंचे गठ्ठे. रिडली आणि जॉपलिंग यांनी 1966 मध्ये या दोन टोकांमध्ये पायऱ्या पाडल्या, त्या प्रतिकारशक्तीच्या मापाने. जंतू सगळीकडे तोच.

सर्वांत अवघड भाग उपचार सुरू झाल्यावरचा. रिफाम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफॅझिमिन या तीन औषधांचा एकत्रित उपचार 1980च्या दशकात आला आणि जंतूचा प्रश्न बराचसा मिटला. पण जंतू मरत असताना किंवा मेल्यावरही शरीर अचानक खवळते. नस सुजते, दुखते आणि वेळीच सांभाळली नाही तर चार दिवसांत हात वाकडा होतो, पाय लोंबतो. याला रिॲक्शन म्हणतात. तिच्यावर जंतुनाशकाचा उपयोग नाही; प्रेडनिसोलोन द्यावे लागते, म्हणजे प्रतिकारशक्तीला आवर घालावा लागतो. गाठी येणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या रिॲक्शनवर थॅलिडोमाइड चालते, हे जेरुसलेमच्या शेस्किन यांच्या 1964 सालच्या एका रोग्यामुळे अपघाताने कळले. गर्भातल्या मुलांना अपंग करून बदनाम झालेले ते औषध असे परत आले. कुष्ठरोगातले अपंगत्व पुष्कळदा जंतूचे नसून शरीराच्या रागाचे असते. बाराव्या महिन्याची शेवटची पुडी घेऊन ‘बरा झालो’ म्हणून घरी गेलेला रोगी सहा महिन्यांनी वाकड्या बोटांनी परत येतो, तेव्हा कार्यक्रमाच्या नोंदवहीत तो बरा झालेल्यांतच असतो.

कुष्ठाच्या प्रतिकारशक्तीवर मुंबईत झालेले काम आपण जवळपास विसरलो आहोत. वसंत रामजी खानोलकरांनी कुष्ठातल्या नसांचे आणि सुरुवातीच्या चट्ट्यांचे सूक्ष्मदर्शकाखाली जे वर्णन केले, ते या विषयाचा पाया आहे. त्यांच्याच भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात, कमल रणदिवे आणि बापट (आश्रमातले दामोदर बापट नव्हेत) या संशोधकांसह, 1958 मध्ये कुष्ठरोग्याच्या शरीरातून एक जंतू वेगळा काढला गेला. संस्थेच्या नावावरून त्याला आयसीआरसी बॅसिलस म्हणतात. तो कुष्ठाचाच जंतू नव्हे, त्याच्या कुळातला. माधव देव यांनी त्याची लस केली. पुढे मोहन गुप्ते यांनी तामिळनाडूत सुमारे 1 लाख 71 हजार माणसांवर चार लसींची तुलना केली आणि 1998 मध्ये निकाल दिला: आयसीआरसीचे संरक्षण 65.5 टक्के, बीसीजी आणि मारलेले कुष्ठजंतू मिळून 64 टक्के, एकटी बीसीजी 34.1 टक्के आणि तलवार या संशोधकांच्या जंतूची लस 25.7 टक्के. पहिली आलेली लस राष्ट्रीय कार्यक्रमात कधी गेलीच नाही. तोवर गोळ्यांनी रुग्णसंख्या इतकी खाली आणली होती, की लशीचा खर्च कोणाला पटेना. हा निर्णय त्या वेळी समजण्यासारखा होता. छत्तीसगडातले आकडे पाहता तो तिथेच थांबायला नको होता.

लसीचे यश माणसाच्या पूर्वेतिहासावरही अवलंबून असते, याचा मोठा धडाही तामिळनाडूतलाच. चिंगलपट जिल्ह्यात 1968 पासून बीसीजीची जगातली एक सर्वांत मोठी चाचणी झाली. प्रौढांना फुप्फुसाच्या क्षयापासून काहीही संरक्षण मिळाले नाही. ब्रिटनमधल्या शाळकरी मुलांना हीच बीसीजी भरपूर संरक्षण देऊन गेली होती. मातीपाण्यातले निरुपद्रवी मायकोबॅक्टेरिया इथल्या माणसाला लहानपणापासून भेटत असतात, त्यामुळे लशीला करण्यासारखे फार उरत नाही, हे त्याचे एक स्पष्टीकरण. वाद अजून मिटलेला नाही.

क्षयाबद्दल छत्तीसगडाने जगाला जे दिले, ते बिलासपूरजवळच्या गनियारी गावातून आले. जन स्वास्थ्य सहयोग या संस्थेच्या रुग्णालयात 2004 ते 2009 या काळात आलेल्या 1,695 प्रौढ क्षयरोग्यांची वजने अनुराग भार्गव आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये प्रसिद्ध केली. निदानाच्या वेळी पुरुषांचे मध्यक वजन 42.1 किलो, बायकांचे 34.1 किलो. बॉडी मास इंडेक्स अनुक्रमे 16 आणि 15. जितकी उपासमार जास्त, तितका मृत्यूचा धोका जास्त. हे आकडे एखाद्या फार्मासिस्टने वाचले, तर त्याच्या मनात लगेच दुसरा हिशेब सुरू व्हायला हवा. राष्ट्रीय कार्यक्रमात प्रौढांच्या गोळ्या वजनगटाप्रमाणे देतात आणि सर्वांत खालचा गट 25 ते 34 किलोचा आहे. गनियारीच्या जवळपास निम्म्या बायका त्याच गटात बसतात. अशा देहात अल्ब्युमिन कमी, चरबी कमी, आतड्यातून औषध किती शोषले जाते त्याचा भरवसा नाही, आणि लढायच्या त्या टी-पेशीही भुकेने थकलेल्या.

भूक हीच मोठी इम्युनोडेफिशियन्सी आहे, हे स्क्रिमशॉ, टेलर आणि गॉर्डन यांनी 1968 च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या ग्रंथातच मांडले होते. त्याचा भक्कम पुरावा 2023 मध्ये शेजारच्या झारखंडातून आला. भार्गव दांपत्याच्या रेशन्स चाचणीत रोग्यांच्या घरातल्या दहा हजारांहून अधिक माणसांचा पाठपुरावा झाला. ज्या घरांत माणशी शिधा आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या, तिथे नवा क्षय 39 टक्क्यांनी घटला, पसरणारा फुप्फुसाचा क्षय 48 टक्क्यांनी. तांदूळ, डाळ, दूधपावडर, तेल. एखाद्या लशीने हा आकडा गाठला असता, तर तिच्या शोधकर्त्यांच्या मुलाखती सगळ्या वाहिन्यांवर झाल्या असत्या. निक्षय पोषण योजनेत रोग्याला 2018 पासून महिना 500 रुपये मिळत, नोव्हेंबर 2024 पासून 1,000 झाले. घरातल्या इतरांच्या ताटाचा प्रश्न तेवढ्याने सुटत नाही.

क्षयातही शरीराला आवर घालावा लागतोच. मेंदूच्या आवरणाच्या क्षयात औषधांसोबत डेक्सामेथासोन दिले, तर मृत्यू 41 वरून 32 टक्क्यांवर येतात, हे व्हिएतनाममधल्या चाचणीत 2004 मध्ये दिसले. उलट सांधेदुखीवर, टीएनएफ हे शरीराचेच दाह पेटवणारे द्रव्य रोखणारी महाग इंजेक्शने आली, तेव्हा दबून बसलेला क्षय उसळी मारू लागला. त्याच टीएनएफची एके ठिकाणी गरज, दुसऱ्या ठिकाणी अडचण.

तिसरा सिकलसेल. रायपूरमध्ये राज्य सरकारची सिकलसेल संस्था आहे, आणि विदर्भाला हा आजार परका नाही. मध्य भारतातल्या सिकल गुणधर्मावर शुक्ला आणि सोळंकी यांचा लेख 1958 मध्ये लॅन्सेटमध्ये आला होता. आपण सिकलसेलला रक्ताचा आजार म्हणतो, पण लहान मुलाला त्यात अचानक मारतो तो पुष्कळदा जीवाणू. रक्तातून कवचधारी जीवाणू गाळून काढणे हे पाणथरीचे काम, आणि कोयत्याच्या आकाराच्या पेशींनी रक्तवाहिन्या तुंबून ती पाणथरी निकामी होते. मग न्यूमोकॉकसला रान मोकळे. अमेरिकेत 215 बालकांवर झालेल्या चाचणीत दिवसातून दोनदा पेनिसिलीनची गोळी दिल्याने या संसर्गांत 84 टक्के घट झाली, आणि 1986 मध्ये ती चाचणी ठरल्या वेळेआधीच थांबवावी लागली.

पण ते उत्तर जसेच्या तसे इकडे आणता येते का? त्याच वर्षी, 1986 मध्ये, कर आणि सर्जंट आदींनी ओडिशातले रोगी तपासले, तर त्यांच्यात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन जास्त होते, आजार सौम्य होता आणि पाणथरी मोठ्या वयापर्यंत टिकून होती. नागपूरकडचे रोगी मात्र तितके सुदैवी दिसत नाहीत. उत्परिवर्तन एक, पण ओडिशा, विदर्भ आणि अमेरिका या तीन ठिकाणी रोगाची चाल तीन तऱ्हेची. छत्तीसगड या पट्ट्याच्या बरोबर मधोमध आहे. तिथल्या कोणत्या मुलाची पाणथरी किती वयापर्यंत काम करते, कोणता जीवाणू त्याला गाठतो, पेनिसिलीन कोणत्या वयापर्यंत द्यावे, हे स्थानिक मुलांवरच पाहावे लागेल. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम 1 जुलै 2023 रोजी शेजारच्या मध्य प्रदेशातल्या शहडोलला सुरू झाली. तिचा भर रक्ततपासणीवर आहे. ज्यांचे कार्ड ‘रोगी’ असे निघेल त्यांच्या संसर्गाचा अभ्यास कोणीतरी हाती घेतला पाहिजे, आणि फार्मसीतून आलेल्या संशोधकासाठी याहून सरळ विषय मला दिसत नाही.

त्याची तयारी मात्र अर्धवट असते. बी.फार्म.च्या अभ्यासक्रमात सूक्ष्मजीवशास्त्र तिसऱ्या सत्रात येते, त्यात निर्जंतुकीकरण आणि जंतूंची गणती जास्त. प्रतिकारशक्ती भेटते सहाव्या सत्रात, जैवतंत्रज्ञानाच्या एका कोपऱ्यात आणि औषधशास्त्राच्या एका घटकात, म्हणजे परीक्षेपुरती. एम.फार्म.नंतर थेट पीएच.डी.ला बसलेला मुलगा पेशी मोजणाऱ्या फ्लो सायटोमीटरसमोर पहिल्यांदा उभा राहतो, तेव्हा त्याच्यापेक्षा बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीवाल्याला जास्त कळते. उलट मात्रा, शोषण, यकृतात औषधाचे होणारे रूपांतर, दोन औषधांची आपसातली तेढ हे त्याच्या अंगवळणी पडलेले असते, आणि प्रतिकारशास्त्र शिकलेल्या पुष्कळांना त्याचा गंध नसतो. रिफाम्पिसिन प्रेडनिसोलोनला शरीरातून लवकर घालवते, त्यामुळे कुष्ठाच्या रिॲक्शनमध्ये दिलेले स्टेरॉइड कमी पडू शकते, हे फार्मासिस्टला झोपेतून उठवून विचारले तरी सांगेल.

काउंटरवर काढलेली वर्षेही वाया जात नाहीत. ‘भैया, दो दिन की दे दो’ असे म्हणत चिठ्ठीवरच्या पाच दिवसांच्या गोळ्यांतल्या दोनच दिवसांच्या नेणारा माणूस त्याने पाहिलेला असतो. तिसऱ्या पिढीची सेफॅलोस्पोरिन, कार्बापेनेम आणि क्षयाची औषधे यांच्यासह 46 औषधे 2014 मध्ये शेड्यूल एच-1 मध्ये घातली गेली. त्यांच्या विक्रीची वेगळी नोंदवही ठेवावी लागते. ती कशी भरली जाते, हे दुकानात बसलेल्यालाच ठाऊक. जगात 2019 मध्ये औषधांना दाद न देणाऱ्या जीवाणूंमुळे थेट झालेले मृत्यू 12 लाख 70 हजारांच्या घरात होते. नवी प्रतिजैविके फारशी येत नाहीत, त्यामुळे शरीराच्या बाजूने काही करता येईल का, हा प्रश्न आता केवळ हौसेचा राहिलेला नाही. त्यात फसवणुकीलाही वाव मोठा आहे. ‘इम्युनिटी बूस्टर’ नावाने विकला जाणारा काढा, चूर्ण, गोळी यांतल्या बहुतेकांना या लेखात सांगितलेल्या विज्ञानाचा आधार नाही. कुष्ठातल्या रिॲक्शनचा रोगी ज्याने पाहिला, तो प्रतिकारशक्ती ‘वाढवा’ असे सरसकट कोणाला सांगणार नाही.

तेव्हा रायपूर, बिलासपूर, नागपूर इथल्या मार्गदर्शक प्राध्यापकांना एवढेच सांगणे आहे. पानांच्या अर्काचे वर्तुळ मोजणारा आणखी एक प्रबंध मंजूर करण्यापूर्वी त्या विद्यार्थ्याला सहा महिने लालपूरच्या किंवा चांप्याच्या कुष्ठरोग्यांत, नाहीतर गनियारीच्या क्षयरोग्यांत पाठवा. चाचणीच्या रश्श्यात माणसाचा रक्तद्रव आणि पेशी घालून तीच चाचणी पुन्हा करायला लावा. आणि प्रबंधातल्या रोग्यांच्या तक्त्यात जीवाणूच्या नावाशेजारी दोन रकाने सक्तीचे करा: रोग्याचे वजन किती आणि त्याचे हिमोग्लोबिन कोणत्या प्रकारचे. पहिल्याला वजनकाटा लागतो, दुसऱ्याची तपासणी सिकलसेल मोहिमेत फुकट होते.